अण्णा कर्व्यांचा रघुनाथ

कर्वे हे आडनाव ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात महर्षी अण्णा कर्वे. हिंगण्याची झोपडी, विधवांचा आश्रम, बायकांचं विद्यापीठ. शाळेत असताना आपण सगळ्यांनी त्यांच्यावर निबंध लिहिलेत. त्यांच्या थोरल्या मुलावर मात्र कुठल्या बाईंनी निबंध लिहायला सांगितल्याचं मला आठवत नाही, आणि त्यात नवल काही नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ज्या विषयाला आयुष्य वाहिलं तो विषय चारचौघांत काढायची सोय तेव्हाही नव्हती आणि खरं सांगायचं तर आपल्या गावात आजही फारशी नाही. २००१ मध्ये अमोल पालेकरांनी ‘ध्यासपर्व’ सिनेमा काढला तेव्हा पुष्कळ जणांना पहिल्यांदा कळलं की अण्णांना असाही एक मुलगा होता. किशोर कदम त्यात रघुनाथराव झाले होते आणि सीमा विश्वास मालतीबाई.

मूल हवं की नको, हवं तर कधी आणि किती, हे नवराबायकोनं विचार करून ठरवायचं असतं, हे आज आपण अगदी सहज बोलून जातो. शंभर वर्षांपूर्वी हे वाक्य उच्चारणं म्हणजे देवाच्या कारभारात ढवळाढवळ होती. पाऊस यावा तशी मुलं यायची. ज्या गोष्टीत निवडच नाही, तिथे कशासाठी हा प्रश्न कोण विचारणार? हा प्रश्न आपल्याकडे ज्यांच्यामुळे घराघरांत शिरला त्यांतलं पहिलं नाव रघुनाथरावांचं.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, दापोलीजवळच्या मुरूडचा. आई राधाबाई. अण्णांचं लग्न झालं तेव्हा ते चौदा वर्षांचे होते आणि राधाबाई आठ वर्षांच्या. १८९१ मध्ये बाळंतपणात राधाबाई गेल्या. वय सत्तावीस. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्या काळी बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म असं म्हणायचे ते काही उगाच नव्हे, आणि हा पुनर्जन्म बायकांना दर दीड-दोन वर्षांनी घ्यावा लागायचा. रघुनाथरावांच्या पुढच्या कामाचं मूळ आईच्या त्या मरणात होतं असं सरळ म्हणण्याइतकं आयुष्य सोपं नसतं. पण नऊ वर्षांच्या पोराला आई कशानं गेली हे कळतंच.

पुढे दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, अण्णांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. ह्याच आपल्या बाया कर्वे. त्या बालविधवा होत्या. ह्या लग्नापायी मुरूडकरांनी अण्णांना वाळीत टाकलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला ह्यात वेगळंच काहीतरी दिसतं. एकाच घरात दोन बायका. राधाबाईंना आई होण्यावाचून सुटका नव्हती आणि बायांना, पुनर्विवाह झाला नसता तर, आई होण्याची मुभाच नव्हती. विधवेला दिवस गेले तर तिला विहीर जवळ करावी लागे. लग्नाच्या बाईला मूल झालंच पाहिजे आणि विधवेला होताच कामा नये. दोघींपैकी एकीलाही, बाई गं तुला काय हवंय, असं विचारायची पद्धत नव्हती. बायांना पुढे शंकर, दिनकर आणि भास्कर असे तीन मुलगे झाले. इरावती कर्वे ह्या दिनकररावांच्या पत्नी.

रघुनाथ हुशार. १८९९ मध्ये मॅट्रिकला पहिला आला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमधून १९०४ मध्ये बी. ए. झाला. वडिलांसारखाच गणिताचा प्राध्यापक झाला. पहिलं महायुद्ध संपल्यावर गणिताच्याच पुढच्या अभ्यासासाठी पॅरिसला जाऊन आला. इथे थोडं थांबून युरोपात तेव्हा काय चाललं होतं ते बघायला हवं. युद्धात फ्रान्सची लाखो तरुण मुलं मेली होती. सरकारला माणसं हवी होती, शेतावर, कारखान्यात आणि पुढच्या युद्धासाठी फौजेत. म्हणून १९२० मध्ये फ्रान्सनं कायदाच केला की संततिनियमनाचा प्रचार करणं गुन्हा आहे. म्हणजे आपल्याकडे देवाला आणि पितरांना मुलं हवी होती तर तिकडे देशाला हवी होती. बाईला हवीत का, हा प्रश्न दोन्हीकडे बाजूलाच राहिला. तिकडे अमेरिकेत मार्गारेट सँगर नावाच्या नर्सनं १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात असं केंद्र काढलं तर काही दिवसांतच पोलिसांनी ते बंद करून तिला पकडून नेलं. लंडनला मेरी स्टोप्सनं १९२१ मध्ये केंद्र उघडलं. आणि त्याच १९२१ साली आपल्या मुंबईत रघुनाथरावांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. भारतातलं हे पहिलं. लंडन आणि मुंबई एकाच वर्षी, हे वाचून मला तरी फार अभिमान वाटला.

१९२३ मध्ये त्यांनी ‘संततिनियमन’ हे पुस्तक काढलं. साधनं कुठली, ती वापरायची कशी, हे सगळं मराठीत, आडपडदा न ठेवता. ते विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते. कॉलेज मिशनरी मंडळींचं. प्राध्यापकानं असले विषय बोलावेत हे त्यांना पटणं शक्य नव्हतं. प्रचार थांबवा नाहीतर नोकरी सोडा असा पेच पडला तेव्हा १९२५ मध्ये रघुनाथरावांनी नोकरी सोडली. बंधी आमदनी गेली. त्या काळात कॉलेजातल्या प्राध्यापकाची नोकरी म्हणजे केवढी प्रतिष्ठा! ती सोडून हा गृहस्थ घरी बसून लोकांना रबरी साधनांची माहिती द्यायला लागला. नातेवाइकांना काय वाटलं असेल ह्याची कल्पना आपण सगळ्या करू शकतो.

आता मालतीबाईंबद्दल. माहेरच्या त्या गंगू गोडे. पुरुषांच्या चरित्रात बायको एका ओळीत येते आणि जाते तसं इथे करून चालणार नाही, कारण रघुनाथरावांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय दोघांचा होता. ह्या दोघांनी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं आणि शेवटपर्यंत पाळलं. दोघांनी हातात घेतलेलं काम, त्यातली ओढाताण, पैशाची चणचण, हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून विचारपूर्वक ठरवलं.

लोक म्हणतील, प्राध्यापक होते, शहरात होते, सुधारकाच्या घरातले होते, त्यांना काय होतंय ठरवायला! पण मैत्रिणींनो, जरा त्या बाईच्या जागी उभं राहून बघा. लग्नाला पाच वर्षं झाली आणि कूस उजवली नाही तर आजसुद्धा बाईला काय काय ऐकावं लागतं ते मी सांगायला नको. डोहाळजेवणाला बोलावतात पण ओटी भरायला पुढे होऊ देत नाहीत. बारशाला पाळण्याजवळ उभी राहिली तरी बाळाच्या आजीच्या कपाळावर आठी. आमच्या ओळखीतल्या एका सुनेला तर प्रत्येक हळदीकुंकवात काही विशेष आहे का हे इतक्या वेळा विचारलं गेलं की तिनं हळदीकुंकवाला जाणंच सोडलं. ही आजची गोष्ट. मालतीबाईंनी हे शंभर वर्षांपूर्वी सोसलं, आणि तेही मूल होत नाही म्हणून नव्हे, आम्हाला नको असं सांगून. दुर्दैवाला लोक निदान हळहळतात. निर्णयाला माफी नसते.

रघुनाथरावांच्या विचारांबद्दल लिहिताना पुष्कळदा असं होतं की ते मुलांच्याच विरुद्ध होते असं वाटायला लागतं. तसं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच की मूल हवं म्हणून जन्माला यावं. चुकून, नाइलाजानं, किंवा लोक काय म्हणतील म्हणून येऊ नये. हे समजायला सोपं पण पचायला कठीण, कारण आपण मूल का होऊ देतो ह्याचा प्रामाणिक हिशेब मांडायला घेतला की पंचाईत होते.

मी आमच्या भागात बायकांच्या बचतगटांचं काम बघते. एकदा हप्त्याचा हिशेब लवकर झाला आणि पाऊस थांबेना, म्हणून गप्पा रंगल्या. सहज विचारलं की बायांनो, खरं सांगा, मूल कशासाठी होऊ दिलं? आधी सगळ्या हसल्या. हा काय प्रश्न झाला? मग एकेक बोलायला लागली. म्हातारपणाची काठी म्हणून, असं दोघी-तिघी म्हणाल्या. त्यांच्या घरात पेन्शन नाही, फंड नाही, उद्या हातपाय चालेनासे झाले तर मुलाशिवाय आहे कोण? एकीनं सांगितलं की लग्न झाल्यावर वर्षाच्या आत झालं, ठरवायला वेळच कुठे मिळाला. एक म्हणाली, सासूचं तोंड बंद व्हावं म्हणून. एक तरुण मुलगी लाजत म्हणाली की तिला लहान बाळाच्या अंगाचा वास फार आवडतो. त्यावर सगळ्या गप्प झाल्या आणि मग ते तर आहेच असं प्रत्येकीनं म्हटलं. आणि एक होती जिला दोन मुली आहेत आणि तिसऱ्यांदा दिवस गेले होते. तिनं शांतपणे सांगितलं की मुलगा झाला नाही तर नवऱ्याच्या वाटणीची जमीन दिरांच्या मुलांकडे जाईल आणि घरात आपल्याला कुणी विचारणार नाही. २००५ च्या कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलग्याइतकाच हक्क दिलाय हे मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. कायदा कागदावर असतो आणि दीर शेजारच्या खोलीत असतो, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

म्हणजे बघा, वंश, पिंडदान, देश ही कारणं पुरुष सांगतात. बाई मूल होऊ देते ती पुष्कळदा सासरी आपलं बूड टेकायला जागा व्हावी म्हणून. मूल झालं की ती कुणाची तरी आई होते, तोवर ती कुणाची तरी सूनच असते. मायेनं मूल हवंसं वाटणं आणि भीतीनं हवंसं वाटणं ह्यांत फरक आहे, पण दोन्ही एकाच पोटात इतकी मिसळून असतात की वेगळी काढता येत नाहीत. रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक. त्यांना हे वेगळं करता येईल असा विश्वास होता. मला तेवढा नाही.

त्यांच्या काळात जास्त मुलं होऊ देण्यामागे एक साधं, करुण गणितही होतं. १९२० च्या दशकात आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दीडशेहून जास्त बाळं वर्षाचीही होत नसत. गोवर, देवी, हगवण, हिवताप. सहा झाली तर तीन हाताशी लागतील, त्यात एखादा तरी मुलगा असेल, असा हिशेब आयाबाया मनात धरायच्या. आणि हातांची गरज होतीच. गुरं राखायला, पाणी भरायला, धाकट्याला कडेवर घ्यायला सहा वर्षांची पोर उपयोगी पडायची. त्या बाईला जाऊन दोनच पुरेत असं सांगणं म्हणजे तिच्या मुलांचं मरण थांबवल्याशिवाय तिला शहाणपण शिकवणं होतं. रघुनाथरावांच्या लिखाणाचा पल्ला इथे कमी पडतो असं मला वाटतं. शिवाय ते लिहीत होते मराठीत, छापून, आणि १९३१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांपैकी जेमतेम तिघींना वाचता येत होतं. म्हणजे बाईच्या सुटकेची माहिती नवऱ्याच्या हातातून तिच्याकडे यायची, त्याच्या मनात असेल तर.

तरीही ‘समाजस्वास्थ्य’ वाचलं जात होतं. १५ जुलै १९२७ ला हे मासिक सुरू झालं आणि रघुनाथराव असेपर्यंत चाललं. सव्वीस वर्षं. लेखक तेच, संपादक तेच, प्रुफं तपासणार तेच, पदरमोड करणारही तेच. मुखपृष्ठावर उघड्या स्त्रीदेहाची चित्रं असायची. ती बघून मासिक पिशवीत लपवून नेणारे पुष्कळ असणार. आपल्यातल्या काहींना ती चित्रं आजही खटकतील, मलाही त्यांची गरज पटत नाही. पण आत काय होतं? गुप्तरोग, साधनं, बाईच्या शरीराची माहिती, आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं. शरीरसुख ही फक्त पुरुषाची गोष्ट नाही, बाईलाही त्यावर तेवढाच हक्क आहे, हे मराठीत इतक्या स्पष्टपणे सांगणारे ते पहिलेच. आणि त्याचा मुलांच्या विषयाशी सरळ संबंध आहे. संग आणि संतती ह्यांची गाठ सोडवल्याशिवाय बाईला निवड मिळत नाही. नवऱ्याजवळ जायची भीती तिला वाटते ती पुढच्या नऊ महिन्यांची असते.

ह्याच मुद्द्यावर त्यांचं महात्मा गांधींशी पटलं नाही. बायकांवर बाळंतपणांचा भार पडतो हे गांधीजींनाही दिसत होतं, पण उपाय त्यांनी सांगितला तो संयमाचा, ब्रह्मचर्याचा. १९३५ च्या डिसेंबरात ती मार्गारेट सँगर आपल्या वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटली, पुष्कळ चर्चा झाली, पण साधनं वापरायला गांधीजींनी मान्यता दिली नाही. रघुनाथरावांना हा उपाय अव्यवहारी वाटायचा आणि ते तसं छापायचे. ज्या काळात गांधीजींचा शब्द म्हणजे वेदवाक्य, त्या काळात! संयम चांगलाच, पण बाईच्या बाजूनं विचार केला तर संयम नवऱ्यानं ठेवायचा असतो आणि न ठेवल्याचं फळ बायकोनं भोगायचं असतं. इतकं साधं गणित आहे ते.

सनातनी मंडळी गप्प बसणार नव्हतीच. १९३१ मध्ये व्यभिचाराविषयीच्या एका लेखावरून अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. १९३४ मध्ये पुन्हा खटला. ह्या वेळी निमित्त होतं वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचं. लोकांनी आपल्या अडचणी विचारल्या, ह्यांनी उत्तरं दिली, हा गुन्हा. त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदा, पुणे करार ह्या सगळ्या धामधुमीतून जेमतेम बाहेर पडलेला एवढा मोठा माणूस एका छोट्या मासिकाच्या, सगळ्यांनी नाक मुरडलेल्या संपादकासाठी वेळ काढतो. खटला ते हरले, दोनशे रुपये दंड झाला. पण बाबासाहेबांनी हा विषय सोडला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाच्या बाजूनं ठराव आणला गेला. सभागृहानं तो फेटाळला. तेव्हा सभागृहातल्या किती जणांच्या घरी कितवं बाळंतपण चाललं होतं कोण जाणे.

दोनशे रुपये म्हणजे आज काहीच नाही, पण नोकरी सोडलेल्या, मासिकात तोटा सोसणाऱ्या घरात तेव्हा ती रक्कम मोठी होती. वर्गणीदार मोजके. जाहिराती मिळायच्या नाहीत. स्वभावानं रघुनाथराव परखड, थोडे हेकटच म्हणावेत असे. गोड बोलून माणसं जोडणं त्यांना जमलं नाही. वडिलांना ते जमलं होतं. अण्णा पायी हिंडून, रुपया-आठ आणे गोळा करून संस्था उभी करायचे आणि ज्यानं शिव्या दिल्या त्याच्याही दारात पुन्हा जायचे. मुलानं संस्था उभारली नाही, शिष्यांची फौज जमवली नाही. घर चाललं ते मालतीबाईंच्या साथीवर. त्या त्यांच्या आधी काही वर्षं गेल्या. मूलबाळ नसलेल्या घरात मागे राहिलेला माणूस आणि त्याचं मासिक. पुढचे अंक त्यांनी तसेच, एकट्यानं काढले. म्हातारपणाची काठी म्हणणाऱ्या आमच्या बचतगटातल्या बायका इथे मान डोलावतील हे मला माहीत आहे. त्यांचं म्हणणं खोटं नाही. ह्या निर्णयाची किंमत असते आणि ती दोघांनी चुकवली.

१९५२ मध्ये भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. सरकारी पातळीवर असा कार्यक्रम घेणारा आपला देश जगात पहिला. ज्या गोष्टीसाठी कोर्टानं दोनदा दंड केला, ती सरकारी धोरण झाली. रघुनाथराव त्यानंतर जेमतेम वर्षभर जगले. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले. नोव्हेंबरात ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक निघाला. अण्णा तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते. थोरल्या मुलाचं जाणं त्यांनी बघितलं. नंतर १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं आणि १९६२ मध्ये, एकशे चार वर्षांचे होऊन, ते गेले. रघुनाथरावांना कुठला किताब मिळाला नाही.

पुढे सरकारी कार्यक्रमाचं काय झालं ते आपण पाहिलंय. लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर आला. आणीबाणीत १९७६ मध्ये माणसं धरून आणून नसबंदीच्या टेबलावर चढवली गेली. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर सक्तीचं विधेयकही मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. आधी सक्तीनं मुलं होत होती, आता सक्तीनं थांबवायची. ठरवणारा पुन्हा तिसराच. त्यानंतर पुरुषांनी ह्या विषयातून जे अंग काढून घेतलं ते आजतागायत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर विवाहित बायकांपैकी जवळपास ३८ जणींचं ऑपरेशन झालेलं आहे. आणि ज्यांच्या नवऱ्यांनी करून घेतलं अशा किती? हजारात तीन. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाका नाही, त्याच दिवशी घरी. तरी आमच्याकडे आशाताई दारात आल्या की नवरे मागच्या दारानं सटकतात आणि सासवा सांगतात की त्याला ओझी उचलायची असतात. जशी काही सून ओझी उचलतच नाही!

ह्याच पाहणीप्रमाणे आपल्या राज्यात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं आहेत, देशात २. तीस वर्षांपूर्वी, १९९२-९३ मध्ये, देशात हा आकडा ३.४ होता. बाळं जगायला लागली, मुली शिकल्या, आणि मूल कमावतं होण्याऐवजी खर्चाचं झालं. नर्सरीची फी, शाळेची व्हॅन, क्लास, लॅपटॉप. पैशाच्या हिशेबानं बघायचं तर आज मूल होऊ देण्यात तोटाच आहे, आणि तरीही बहुतेकजणी होऊ देतात. एकीकडे नोकरी करणारी नवी जोडपी आम्हाला नको असं हळूच सांगायला लागली आहेत. दुसरीकडे एस. टी. स्टँडवर टेस्ट ट्यूब बेबी सेंटरच्या पाट्या आहेत आणि दागिने मोडून तिथे जाणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांतली एखादी स्वतःच्या मायेपोटी जाते, एखादी घरातून काढून टाकतील म्हणून जाते. वेटिंगच्या खुर्च्यांवर दोघी शेजारी शेजारी बसलेल्या असतात.

आणखी एका बाईंबद्दल सांगते आणि थांबते. रँग्लर परांजप्यांची मुलगी शकुंतलाबाई परांजपे, कर्व्यांच्याच नात्यातल्या. केंब्रिजला गणित शिकून आलेल्या. रघुनाथरावांच्या कामानं त्या ह्या विषयाकडे ओढल्या गेल्या आणि पुण्यात व आसपासच्या खेड्यांत जाऊन बायकांना संततिनियमनाची माहिती देऊ लागल्या. पुढे विधान परिषदेत आणि राज्यसभेत जाऊनही त्यांनी हाच विषय लावून धरला. १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ह्या शकुंतलाबाईंनी एका रशियन चित्रकाराशी लग्न केलं, १९३८ मध्ये त्यांना मुलगी झाली, लग्न लवकरच मोडलं आणि मुलीला त्यांनी वडिलांच्या घरी राहून एकटीनं वाढवलं. आयुष्यभर दुसऱ्यांना मुलं कशी थांबवायची ते सांगणाऱ्या बाईनं, नवरा नसताना, एक मूल हौसेनं मोठं केलं. ती मुलगी म्हणजे ‘स्पर्श’, ‘चष्मेबद्दूर’, ‘कथा’ काढणाऱ्या सई परांजपे. शकुंतलाबाई २००० साली गेल्या, चौऱ्याण्णव वर्षांच्या होऊन.